मुलाच्या हातातला फोन कोणाचं काम करतोय, ते आधी बघा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका आईनं विचारलेलं थोडक्यात असं : मुलगा पावणेचार वर्षांचा, समोर मोबाईल धरल्याशिवाय घास घेत नाही. काढून घेतला की जमिनीवर लोळण, डोकं आपटणं. बोलतो, पण निम्मं कार्टूनमधलं हिंदी. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. शाळेचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येतो म्हणून फोन घेते, आणि तासाभरानं बघावं तर शॉर्ट्स सरकवत बसलेली. आई पतसंस्थेत नोकरीला, वडील शिरोली एमआयडीसीत शिफ्टमध्ये, दिवसभर मुलं आजी-आजोबांकडे. वडिलांचं म्हणणं, आजच्या काळात मुलांना हे यायलाच पाहिजे, नाहीतर मागं पडतील. आईचे प्रश्न तीन : किती वेळ द्यायचा, कोणतं अ‍ॅप चांगलं, आणि सरळ सगळंच बंद करून टाकू का?

आकड्यांचं आधी उरकून घेते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं त्याचा गोषवारा असा : पहिली दोन वर्षं स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी झालं तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या सूचना जवळपास तशाच आहेत. दोन वर्षांखाली फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत तासाभराच्या आत, तोही एका बैठकीला वीस-तीस मिनिटं. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी. यात टीव्हीही आला. आजीची मालिका मूल मांडीवर बसून बघत असेल तर तीही यातच मोजायची.

आता हे आकडे फ्रिजवर चिकटवून काय होतं ते मला माहीत आहे. पहिले दोन दिवस घड्याळ लावून, तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात, चौथ्या दिवशी आईला ताप येतो, आणि पाचव्या दिवशी सगळं मूळपदावर. कारण मुलाच्या हातात फोन खेळणं म्हणून फारसा कुणी दिलेलाच नसतो. तो कामाला लावलेला असतो. कुणाला डबे भरायचे असतात, कुणाला दुपारी जरा पाठ टेकायची असते, कुणाला चार लोकांत मुलानं गप्प बसायला हवं असतं. त्या कामावरून फोनला हटवलं तर ते काम कोण करणार, हे न ठरवता नुसता फोन काढून घेतला की तो परत येतोच. आणि तोवर मूल एक गोष्ट पक्की शिकलेलं असतं, पुरेसं रडलं की मिळतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या घरांना मी आधी चार-पाच दिवस काहीच बदलू नका म्हणते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर फक्त लिहायचं : फोन मुलाच्या हातात कधी गेला, कुणी दिला, कशासाठी दिला. किती वेळ होता ते लिहू नका, ते कुणी खरं लिहीत नाही. तुमच्यासारख्या घरातला कागद साधारण असा दिसतो : सकाळी आठ, आईनं, डबा भरायचा होता. दुपारी एक, आज्जीनं, जेवण. दुपारी तीन, आजोबांनी, त्यांना झोप आली होती. संध्याकाळी सात, आईनं, नुकतीच घरी आले, कुकर लावायचा होता. रात्री साडेनऊ, कुणी दिला नाही, बाबा स्वतः बघत होते, हा शेजारी येऊन टेकला. आजीच्या नावावर जास्त नोंदी पडणार, कारण दिवसभर तीच घरात असते. त्यावरून भांडण काढायचं नाही, एवढी अट मात्र मी घालते.

या कागदावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा निकाल आपोआप लागतो. जेवताना चालणारं ‘शैक्षणिक’ अ‍ॅप आणि जेवताना चालणारं कार्टून यांत माझ्या लेखी फरक नाही. दोन्ही घास गिळवण्याच्या कामाला लावलेली आहेत.

तेव्हा जेवणाचंच आधी बोलू, कारण कोल्हापुरात मुलाचं जेवण हा घरच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. ‘खाईतच न्हाई ओ मॅडम, मोबाईल लावला की बघा, अख्खी भाकरी जाती पोटात.’ जाते ना, मी नाही म्हणत नाही. पण ती जाताना मुलाचं तोंड बघा. डोळे स्क्रीनवर, तोंड यांत्रिकपणे उघडतंय, घास गालात तसाच. आजी गालावर बोट टेकवून ‘गीळ, गीळ की रं’ म्हणते तेव्हा तो गिळतो. भूक लागली आहे की पोट भरलं, चव तिखट की गोड, हे त्या मुलाला कळलेलंच नसतं. काही मुलं यामुळे गरजेपेक्षा जास्त खातात, काही वर्षभर फक्त मऊ गुरगुट्या भातावर राहतात कारण चावायला लक्ष लागतं. आणि गालात घास धरून बसायच्या सवयीनं दाढा किडतात, हे दाताचे डॉक्टर तुम्हाला सांगतीलच.

बदल एकाच जेवणापासून करा, आणि तो रात्रीच्या. दुपारी आजी एकटी असते, तिच्यावर पहिल्याच दिवशी लढाई सोपवू नका. रात्री सगळे घरी असतात, ताटं एकत्र वाढता येतात. मुलाला वेगळं ताट, छोटं, त्यात मोठ्यांच्या ताटातलंच थोडंथोडं. चतकोर भाकरी, एक चमचा मुगाची उसळ बिनतिखटाची, भात-आमटी मुठीएवढी. कमी वाढा, मागितलं तर पुन्हा द्या. त्यानं हातानं खायचं, सांडलं तर सांडू दे, खाली जुनं वर्तमानपत्र घाला. सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत, बाबांचाही, आजोबांचाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं. खाल्लं तर वाहवा नाही, नाही खाल्लं तर रागावणं नाही.

पहिल्या रात्री तो बहुतेक काही खाणार नाही. इथंच सगळी घरं ढेपाळतात. दहा वाजता आजी हळूच दूध-बिस्किट देते, कारण ‘उपाशी झोपवायचं काय लेकराला?’ तिची तळमळ खोटी नाही. पण त्या दूध-बिस्किटानं मुलाला कळतं की जेवणाची वाट न बघता इकडचा दरवाजा उघडतो. झोपायच्या आधी थोडं साधं दूध रोजच देत असाल तर ठरलेल्या वेळी तेवढंच द्या, जेवणाच्या बदल्यात नको. वजन-उंची वयाला धरून असलेलं निरोगी मूल एखादी रात्र कमी जेवलं तर सकाळी नाष्ट्याला भरून काढतं. वजन खरंच कमी असेल तर मात्र हा प्रयोग घरच्या घरी करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं लोह कमी असेल तर भूकच मरते, आणि ते साध्या तपासणीत कळतं.

दूध या विषयावर एक कडू बोल. या गावात दूध कमी करा म्हणायला धाडस लागतं. गंगावेशेच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध ग्लासानं पिणारी माणसं आपण (लहान मुलांना मात्र दूध उकळूनच द्यायचं, हे जाता जाता). पण तीन-चार वर्षांचं मूल दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पीत असेल तर त्याच्या पोटात भाकरीला जागा राहत नाही, आणि दुधात लोह जवळपास नसतंच. ‘जेवत नाही’ म्हणून आणलेल्या अनेक मुलांचा दिवसाचा हिशेब घेतला की तीन कप दूध, प्रत्येकात त्या जाहिरातीतली पावडर, आणि मध्ये क्रीमची बिस्किटं असं निघतं. त्या मुलाला जेवणाच्या वेळी भूक नसते, म्हणून मोबाईल लागतो. दूध कमी केलं की निम्म्या घरांत मोबाईलचं काम परस्पर हलकं होतं.

रात्रीचं जेवण आठ-दहा दिवसांत मार्गी लागलं की दुपारचं घ्या. त्याआधी नाही.

आता रडण्याकडे येते. फोन काढून घेतल्यावर मूल जमिनीवर लोळतं, त्यात निम्मा वाटा आपण फोन काढतो कसा याचा असतो. कार्टूनच्या ऐन मध्यावर हातातून खेचलेला फोन. तुमच्या हातातून कुणी असा खेचला तर? तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘पाच मिनिटं’ म्हणजे काय ते समजत नाही. ‘हे संपलं की बंद’ एवढं समजतं. पण हल्ली ते संपतच नाही ना, एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू. म्हणून पहिलं काम, ऑटोप्ले बंद करा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ते बटण असतं, व्हिडिओच्या वरच्या कोपऱ्यातही असतं. आईच्या फोनवर बंद करून भागत नाही, आजीच्या फोनवरही करा, कारण दिवसभर चालतो तो तिचाच. त्याहून बरं म्हणजे दोन-तीन गोष्टी किंवा गाणी आधीच डाउनलोड करून ठेवायची आणि नेट बंद करून लावायची. ती संपली की खरोखर संपतात, आणि तुमच्याशी वाद घालण्यासारखं काही उरत नाही. शक्य असेल तर फोन हातात देऊच नका, टीव्हीवर लावा. अंतर वाढतं, बोट सरकवायला काही राहत नाही, आणि घरातल्या सगळ्यांना काय चाललंय ते दिसतं.

बंद करायचं बटण त्याच्याकडूनच दाबून घ्या, आणि लगेच पुढचं काम हातात द्या. ‘चल, आता वाटाणे सोलायला ये’ हे ‘आता पुरे झालं’ यापेक्षा चांगलं चालतं. तरीही रडला तर रडू द्या. जवळ बसा, डोक्याखाली उशी सरकवा, समजावू नका, सौदा करू नका. सुरुवातीचे काही दिवस रडणं वाढतं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल की उपाय उलटला. मुलं जुनी युक्ती सोडण्याआधी ती जोर लावून एकदा वापरून बघतात. त्या दिवसांत घरातल्या चौघांपैकी एकानं जरी फोन पुढं केला, तर आधीचे सगळे दिवस पाण्यात गेले म्हणून समजा.

हिंदी बोलतो याची काळजी दोन भागांत करायची. घरात दोन-तीन भाषा असणं वाईट नाही, कोल्हापूरच्या कित्येक घरांत मराठी, कानडी, हिंदी एकाच ओट्यावर नांदतात आणि मुलं सरळ बोलतात. मी तपासते ते वेगळं. तो बोलतो ते तुमच्याशी बोलतो की कार्टूनमधलं नुसतं म्हणून दाखवतो? पाणी हवं असताना ‘पाणी दे’ किंवा ‘पानी दो’ म्हणत असेल तर माझी चिंता कमी होते. कुणी कुठं जात नसताना ‘चलो दोस्तों, चलते हैं’ म्हणत घरभर फिरत असेल आणि तुमच्या साध्या प्रश्नाला उत्तर देत नसेल, तर दाखवायला आणा.

भाषा माणसाकडून येते, याचा एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली, २००३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. समोर बसून खेळत, पुस्तक दाखवत जी माणसं बोलली, त्यांच्याकडून बाळं त्या परक्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. त्याच माणसांचं तसंच बोलणं व्हिडिओवर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत. बाळं व्हिडिओ बघत मात्र होती. ‘किती लक्ष देऊन बघतो’ याचा अर्थ ‘किती शिकतो’ असा घ्यायचा नाही, तो यासाठी. पुण्याच्या मावशीचा व्हिडिओ कॉल त्यामुळेच वेगळा ठरतो. मावशी त्याच्या बोलण्याला उत्तर देते, त्यानं गाडी दाखवली की ‘अय्या, लाल गाडी!’ म्हणते. कार्टून कुणाला उत्तर देत नाही.

म्हणून तो जे काही बघेल ते कुणीतरी सोबत बसून बघा, निदान निम्मा वेळ. मधूनच बोला : हा हत्ती कुठं चालला? न्यू पॅलेसच्या आवारात आपण काय काय बघितलं होतं, आठवतंय? कार्यक्रम निवडताना माझी कसोटी सोपी आहे. एक गोष्ट सुरू होते, सावकाश चालते, संपते, आणि माणसं सरळ वाक्यांत बोलतात, तर चालेल. दर दोन सेकंदांनी चित्र बदलतंय, सगळे किंचाळतायत, रंगीत अंडी फुटतायत आणि आतून खेळणी निघतायत, तर ते बंद करा, मग त्यावर ए-बी-सी-डी असो की पाढे.

इथंच एक सांगायला हवं, कारण आजकाल ‘मोबाईलमुळे ऑटिझम होतो’ असे व्हिडिओ पालकांच्याच मोबाईलवर फिरतात. ऑटिझम हा मेंदूच्या विकासातला जन्मापासूनचा फरक आहे, मोबाईलनं तो होत नाही. पण उलटा घोटाळा मी जास्त बघते. मूल नावानं हाक मारली तर वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोटानं काही दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘मोबाईलमुळंय ते, बंद केला की बोलंल.’ त्या वाट बघण्यात वर्ष जातं. अशी लक्षणं असतील तर मोबाईल कमी करा आणि त्याच आठवड्यात तपासणीही करून घ्या, कान आधी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. तिथं संकोच न करता विचारा, ही तपासणी मोफत असते.

आता ताईकडे. नऊ वर्षांच्या मुलीचा प्रश्न वेगळा, तिला फोनपासून लांब ठेवून चालणार नाही आणि फोनसोबत एकटं सोडूनही चालणार नाही. शाळेचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येतो ही गोष्ट आपण पालकांनी फार निमूट मान्य केली आहे. तो ग्रुप तुमच्या फोनवर आहे, तिच्या नाही, आणि तसाच राहू दे. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्या अटींतच किमान वय १३ आहे. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही तो संदेश वाचा, तिनं वहीत उतरवून घ्यायचा, फोन परत तुमच्याकडे. पाच मिनिटांचं काम आहे. अभ्यासाचा व्हिडिओ बघायचा असेल तर हॉलमध्ये, टेबलावर, आवाज मोठा ठेवून, हेडफोन न घालता. पालकसभेत हेही विचारा की चौथीच्या मुलांचा गृहपाठ वर्गातच फळ्यावर का लिहून देत नाहीत. चार पालकांनी एकत्र विचारलं तर शाळा ऐकतात.

शॉर्ट्सबद्दल मी कडक आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना ते नकोतच. अर्ध्या तासाची गोष्ट बघणारं मूल अर्ध्या तासानं उठतं. शॉर्ट्स बघणारं मूल उठायला कारणच सापडत नाही म्हणून बसून राहतं, आणि त्यात पुढं काय येईल ते घरातल्या कुणालाच माहीत नसतं. तिनं वापरायचा फोन असेल त्यावर मोठ्यांचं यूट्यूब बंद करून यूट्यूब किड्स ठेवा. त्यात पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे, टायमरही आहे. अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक लावलं की कोणतं अ‍ॅप किती वेळ चालेल ते तुमच्या फोनवरून ठरवता येतं. धाकट्याच्या हाती कधी फोन द्यावाच लागला तर अँड्रॉइडवर अ‍ॅप पिन करा, आयफोनवर गाइडेड अ‍ॅक्सेस. त्या एका अ‍ॅपच्या बाहेर त्याला पडता येत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करून ठेवा. यूपीआयचा पिन मुलांसमोर दाबू नका, सहा वर्षांची मुलं तो पाठ करतात. ही सगळी कुलपं बसवायला रविवारचा एक तास पुरतो. शेजारचा कॉलेजातला मुलगा बसवून देईल, पण पासवर्ड तुमचा तुम्ही टाका.

कुलपांच्या पलीकडे तिला एक गोष्ट सांगून ठेवायची, आणि ती भीती न घालता. फोनवर काही घाण, भीतिदायक दिसलं, कुणी अनोळखी माणूस गेममध्ये नाव-शाळा विचारायला लागला, फोटो मागितला, तर फोन उलटा ठेवायचा आणि आईला किंवा बाबांना दाखवायचा. तुला कुणी रागावणार नाही, फोनही काढून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते पाळावंही लागतं. मुली सांगत नाहीत त्याचं मोठं कारण ‘फोन जाईल’ हेच असतं. खरंच काही घडलं तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, पैशांची फसवणूक झाली तर १९३०.

वडिलांच्या मुद्द्यावर. ‘मागं पडेल’ ही भीती मला समजते, विशेषतः ज्याच्या कारखान्यात दर दोन वर्षांनी नवं मशीन येतं त्याची. पण दादा, हे फोन मुद्दाम असे बनवलेले असतात की दोन वर्षांच्या पोरालाही चालवता यावेत. ते चालवता येतात यात मुलाचं कर्तृत्व नाही, बनवणाऱ्याचं आहे. सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, बसणाऱ्या माणसाला काय लागतं, ते तुम्हीच सांगा. मापाची समज, हाताला वळण, चूक झाली तर कुठं झाली ते शोधायचा धीर. चार वर्षांच्या मुलात हे ठोकळ्यांनी, मातीनं, नट-बोल्टच्या डब्यानं येतं. ताईला मात्र शिकवाच, फक्त बघायला नको, करायला शिकवा. आजोबांना फोनसमोर बसवून तिनं २०१९ च्या महापुराची हकीकत रेकॉर्ड करावी : पाणी कुंभार गल्लीत किती वाजता शिरलं, कुणाच्या गच्चीवर गेलो, गणपतीच्या मूर्तींचं काय झालं. मग ती ऐकून वहीत लिहावी. टाउन हॉलच्या बागेतल्या झाडांचे फोटो काढून नावं शोधावीत, आणि नाव चुकीचं सांगणारी माहितीही इंटरनेटवर असते हे तिला तिथंच दिसेल. यालाही स्क्रीनचा वेळ लागतो, पण हा मी मोजत नाही.

घरातल्या मोठ्यांचं आता. सत्यशोधकी वारसा सांगणारं आपलं गाव, म्हणून ही आठवण देते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत नाही आलं तर महिना एक रुपया दंड होता, आणि तो पालकाला होता. मोबाईलच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या घरांकडे बघताना मला तो दंड आठवतो. साडेनऊची ती नोंद पुन्हा वाचा, ‘कुणी दिला नाही, बाबा स्वतः बघत होते.’ शिफ्ट करून आलेला माणूस दमलेला असतो, त्यानं फोन बघूच नये असं मी म्हणणार नाही. मुलं झोपल्यावर बघा. घरी आल्या आल्या पहिला अर्धा तास फोन चार्जिंगला, आणि चार्जर झोपायच्या खोलीच्या बाहेर, सगळ्यांचेच. झोपण्याआधी तासभर मुलांसमोर स्क्रीन नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास झोप लागते, आणि आपल्याकडची मुलं अकरापर्यंत जागी असतात.

एकट्या घराला हे जड जातं, ते खरं. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून काय केलं ते आठवा. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, अख्खं गाव दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवतं, साडेआठला पुन्हा भोंगा. शहरात भोंगा कोण वाजवणार, पण अपार्टमेंटमधल्या चार-पाच घरांनी सात ते साडेआठ ठरवून घेतलं तर ‘सगळ्यांच्या घरी चालू असतो, आमच्याच घरी नाही’ ही मुलांची खरी तक्रार मिटते. त्याच वेळेत खाली खेळायला मुलंही मिळतात.

आजी-आजोबांच्या वाट्याला आलेल्या दुपारचं काय, हा सगळ्यात अवघड भाग. साठीतल्या गुडघ्यांनी चार वर्षांच्या मुलामागं धावणं होत नाही, आणि ‘आमची मुलं काय मोबाईलवर वाढवली काय’ म्हणणाऱ्या आजीच्या वेळी वाड्यात दहा माणसं होती हे ती सांगत नाही. त्यांच्याकडून खेळवण्याची अपेक्षा धरू नका. त्यांच्या कामात मुलाला घ्यायला सांगा. मेथी निवडणं, लसूण सोलणं, शेंगा फोडणं, कपड्यांच्या घड्या, देवाची भांडी घासणं. काम दुप्पट वेळ घेतं आणि निम्मं वाकडं होतं, पण मूल तासभर गुंततं आणि या तासात आजी न थांबता बोलत असते. शेंगा फोडताना बोटांना जो व्यायाम होतो तो पुढं पेन्सिल धरायला कामी येतो. आजोबांच्या झोपेच्या वेळेला एक खोकं ठेवा, त्याच वेळी उघडायचं आणि नंतर वर ठेवायचं : जुन्या चाव्या, बाटल्यांची झाकणं (मोठी, गिळता न येणारी), दोरी, खडू. आणि जमत असेल तर दोन तास बालवाडी किंवा पाळणाघर बघा. त्यात कमीपणा नाही.

संध्याकाळी बाहेर काढा, आणि उजेड असताना. डोळ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. दिवसाच्या उघड्या उजेडात राहिल्यानं मुलांना लांबचं बघायचा चष्मा लागायचं प्रमाण कमी होतं, आणि तैवाननं २०१० पासून शाळांमध्ये मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीम त्यासाठीच चालवली. फोन बंद करून घरात बसवलं तर डोळ्यांचा निम्माच फायदा. कोल्हापुरात जागेची सबब चालत नाही. रंकाळा आहे, विद्यापीठाचा परिसर आहे, गल्लोगल्ली फुटबॉल आहे. ताईला चेंडू द्या, मुलींचे संघही आता खेळतात. जुलैत पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही तेव्हा नियम थोडा सैल पडणार, पडू दे. पाऊस थांबला की परत आवळा.

लग्नात, लांबच्या एसटी प्रवासात, घरात आजारपण असताना फोन दिला तर काही बिघडत नाही. रोजच्या जेवणाला, झोपेला आणि रडण्याला तो नको, एवढं सांभाळा. म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, सगळं बंद करू नका, ही तीन कामं त्याच्याकडून काढून घ्या, एकेक करून. साधारण दीड-दोन महिने लागतील.

एवढं करूनही महिन्याभरानंतर तो दिवसातून अनेकदा डोकं आपटत असेल, वजन वाढत नसेल, किंवा बोलण्याबद्दल वर सांगितलेलं काही दिसत असेल, तर दाखवायला आणा. येताना लसीकरणाचं कार्ड, आधीच्या वजनांच्या नोंदी आणि तो कॅलेंडरमागचा कागद घेऊन या. आणि शक्य असेल तर आजींनाही सोबत आणा, दिवसभराचं खरं त्याच सांगतात.